रांगेची माहिती कोणाच्या मालकीची?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या भव्य करमणूक पार्कच्या प्रवेशद्वारासमोर सकाळी जी गर्दी जमते, तिच्यातले एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. आजी-आजोबा, आई-वडील, तीन मुले आणि एक बाबागाडी. आणि या सात जणांबरोबर एक आठवी बाई, जिच्या चेहऱ्याची ठेवण घरातल्या कोणाशीच जुळत नाही. तिच्या पाठपिशवीत दोन पॉवर बँका, घडी घातलेले पातळ रेनकोट, टाचेला फोड आल्यावर लावायच्या पट्ट्या आणि धाकट्यासाठी बिस्किटांचा पुडा आहे. दार उघडल्यावर गर्दीचा लोंढा कुठल्या बाजूला धावेल हे तिला ठाऊक आहे, म्हणून ती आपल्या मंडळींना दुसऱ्या बाजूला वळवणार आहे. दुपारी पावसाची सर आली तर आजींना कुठे बसवायचे, हे तिने आदल्या दिवशीच ठरवून ठेवले आहे. तिच्याकडे स्वतःच्या पैशाने घेतलेला वार्षिक पास आहे, ती कोणाच्या पुढे घुसणार नाही, आणि दिवस संपला की मुलांचे वडील तिला ठरलेले पैसे देतील. या शेवटच्या एका गोष्टीमुळे ती पार्कच्या दृष्टीने तिथे नको असलेली व्यक्ती ठरते.

पार्कच्या नियमावलीनुसार परवानगीशिवाय आवारात वस्तू किंवा सेवा विकता येत नाही, आणि सवलतीचा वार्षिक पास धंद्यासाठी वापरता येत नाही. तिच्यासारखे स्वतंत्र गाइड, म्हणजे पार्कच्या नोकरीत नसताना पैसे घेऊन पाहुण्यांना पार्क फिरवणारे, याच तरतुदींच्या कचाट्यात सापडतात. असा काही नियमच नसावा, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. ज्या जागेत एका दिवसात हजारो लहान मुले वावरतात तिथे पैसे घेऊन कोण कोणती सेवा देतो, हे मालकाला माहीत असलेच पाहिजे. माझा आक्षेप आहे तो ‘अनधिकृत व्यावसायिक व्यवहार’ या मोघम शब्दांना आणि त्यांच्या आधाराने घातलेल्या सरसकट बंदीला. फसवणूक करणारा, रांगेत शिरकाव करून देणारा आणि निव्वळ जाणकारीचे पैसे घेणारा, या तिघांना हे शब्द एकाच दावणीला बांधतात. आणि त्यांतल्या तिसऱ्याला हाकलण्याचे जे कारण दिले जाते ते मला पटत नाही.

या वादात पार्क हा स्वतःही एक विक्रेता आहे, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. डिस्ने वर्ल्डची स्वतःची ‘व्हीआयपी टूर’ आहे. चौकड्यांचे जाकीट घातलेला अधिकृत गाइड जास्तीत जास्त १० जणांच्या गटाला दिवसभर फिरवतो आणि राइडच्या जलद मार्गाने आत नेतो. अलीकडच्या काळात तिचा दर हंगामानुसार ताशी ४५० ते ९०० डॉलर असा राहिला आहे आणि किमान ७ तासांचे आरक्षण करावे लागते. म्हणजे अगदी स्वस्तातल्या दिवशीही ३,१५० डॉलर मोजावे लागतात आणि प्रवेशाची तिकिटे वेगळी. स्वतंत्र गाइड याच्या बऱ्याच कमी पैशांत काम करतो. मात्र जलद मार्गाची ती किल्ली त्याच्या हातात नसते. त्याच्या मंडळींना जलद मार्ग हवा असेल तर इतर कोणाही पाहुण्याप्रमाणे तो पार्ककडूनच विकत घ्यावा लागतो. म्हणजे तो जे विकतो ते पार्कच्या मालकीचे नाही. कोणती राइड कधी घ्यावी, कुठे कधी जेवावे, कोणता कार्यक्रम खुशाल सोडून द्यावा, हे अनुभवाने आलेले शहाणपण आहे, आणि ते कमावण्यासाठी त्याने पार्कला वर्षानुवर्षे तिकिटाचे पैसे मोजलेले आहेत.

या शहाणपणाला भाव का आला, याचे उत्तर पार्कच्या इतिहासातच आहे. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात ॲनाहाइम येथे याच कंपनीचे डिस्नेलँड उघडले. त्यानंतर थोड्याच काळात तिथे राइडसाठी कूपनांची पुस्तके आली. राइडच्या प्रतीनुसार कूपनांना ए, बी, सी अशी अक्षरे होती आणि १९५९ मध्ये सर्वांत भारी राइडसाठी ‘ई’ कूपन आले. ती पद्धत १९८२ मध्ये गेली आणि एकदा पैसे भरले की सगळ्या राइड मोकळ्या, असे झाले. राइडगणिक पैसे मोजणे संपले आणि त्या जागी वेळ मोजणे आले. रांग हीच खरी किंमत झाली. १९९९ मध्ये फास्टपास आला. यंत्रात तिकीट घालायचे, परतीच्या वेळेची चिठ्ठी घ्यायची आणि त्या वेळी आखूड रांगेत यायचे. ती सोय फुकट होती आणि समजायला सोपी होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या जागी पैसे भरून वापरायची जीनी प्लस ही सेवा फ्लोरिडात आली, आणि जुलै २०२४ मध्ये तिचेही नाव आणि रीत बदलून ‘लाइटनिंग लेन मल्टी पास’ झाले. आता पार्कच्या हॉटेलात उतरलेल्यांना मुक्कामाच्या ७ दिवस आधीपासून आणि बाकीच्यांना ३ दिवस आधीपासून राइडच्या वेळा निवडता येतात. काही राइडचा पास वेगळा विकत घ्यावा लागतो. हॉटेलातल्या पाहुण्यांना सकाळी अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. आणि हे सारे फोनवरच्या ॲपमधून सांभाळायचे असते. आयुष्यात एकदाच तिथे जाणाऱ्या कुटुंबाला हा अभ्यासक्रम सुट्टीच्या आधी पुरा करावा लागतो. ज्यांना ते जमत नाही ते शिकवणी लावतात. शिकवणीचा धंदा नको असेल तर पेपर सोपा काढण्याचा मार्गही होता. पार्कने तो कठीण काढला आणि कठीण पेपरची अधिकृत शिकवणी स्वतः सुरू ठेवली.

असे असले तरी पार्कच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि स्वतंत्र गाइडांची तरफदारी करणारे ते फार लवकर उडवून लावतात. मे २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने जी बातमी छापली ती या विषयावर मत बनवणाऱ्याने विसरता कामा नये. मॅनहॅटनमधली श्रीमंत कुटुंबे डिस्ने वर्ल्डमध्ये अपंग गाइड भाड्याने घेत होती. तो गाइड कुटुंबातलाच एक म्हणून मोटार लावलेल्या खुर्चीतून पुढे जाई आणि त्याच्यासाठी असलेल्या सवलतीच्या दारातून सगळी मंडळी आत शिरत. दर ताशी १३० डॉलर, आठ तासांच्या दिवसाचे १,०४० डॉलर. तेव्हाच्या अधिकृत टूरपेक्षा हे स्वस्त पडते, असे त्या मंडळींचे गणित होते. एखाद्या माणसाचे अपंगत्व तासाच्या बोलीवर घेणे आणि त्यासाठी ठेवलेली सवलत धडधाकट मुलांच्या करमणुकीसाठी वापरणे, याला कोणतेही सभ्य नाव देता येणार नाही.

त्याचे परिणाम मात्र भलत्यांनीच भोगले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पार्कने अपंग पाहुण्यांसाठीची ‘गेस्ट असिस्टन्स कार्ड’ ही जुनी पद्धत बंद केली आणि ‘डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस’ ही नवी सुरू केली. नव्या पद्धतीत राइडवर थेट प्रवेश मिळत नाही. रांगेत जितका वेळ लागला असता साधारण तितक्याच वेळाने परत यायची वेळ मिळते. स्वमग्न मुलांच्या अनेक कुटुंबांना हा बदल फार जड गेला. ज्या मुलाला ठरलेल्या क्रमानेच फिरायचे असते आणि ‘थोड्या वेळाने’ हे शब्दच ज्याला सहन होत नाहीत, त्याला घेऊन परतीच्या वेळेची वाट बघणे म्हणजे काय, हे त्यांनी न्यायालयात सांगितले. खटले वर्षानुवर्षे चालले. २०२० मध्ये त्यांतल्या एका प्रमुख खटल्यात फ्लोरिडातल्या संघीय न्यायालयाने पार्कच्या बाजूने निकाल दिला. २०२४ मध्ये सवलतीचे निकष आणखी आवळले गेले आणि ती मुख्यतः स्वमग्नता किंवा तत्सम विकासात्मक अपंगत्व असणाऱ्यांसाठी राहिली. सवलतीचा गैरवापर झाला की ती आकसते, आणि आकसताना खऱ्या गरजूंना आधी चिमटा बसतो. म्हणून अशा भाडोत्री अपंगत्वाबाबत पार्कने दयामाया दाखवू नये, या मताचा मी आहे.

पार्कचे आणखीही काही मुद्दे आहेत. स्वतः रांगेत उभे राहायचे आणि मंडळींना मागाहून बोलावून घ्यायचे, हा काही गाइडांचा उद्योग आहे. त्याने मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाचा वेळ चोरला जातो. आपण पार्कचेच आहोत असा आव आणणारे, आगाऊ पैसे घेऊन न येणारे, ‘आतल्या’ ओळखींच्या थापा मारणारेही आहेत. फसलेले कुटुंब शेवटी पार्कच्याच तक्रार खिडकीवर येऊन रडते. मुलांचा प्रश्न तर आहेच. ७ वर्षांखालील मुलाबरोबर राइडवर किमान १४ वर्षांचे कोणी असलेच पाहिजे, इतकी काळजी घेणाऱ्या पार्कला, पैसे घेऊन दिवसभर परक्याची मुले सांभाळणारी व्यक्ती कोण आहे, तिची कोणी कधी चौकशी केली आहे का, हे विचारण्याचा अधिकार नाही असे कोण म्हणेल?

पण या सगळ्या मुद्द्यांकडे नीट पाहिले तर त्यांतला एकही मुद्दा ‘पैसे घेतले’ या गोष्टीवर उभा नाही. रांगेत घुसणे फुकट केले तरी वाईटच. अपंगत्वाचे सोंग आपल्या सख्ख्या काकांसाठी आणले तरी ते सोंगच. थापा मारणे ही फसवणूक आहे, आणि मुलांची सुरक्षितता हा ओळख पटवण्याचा आणि चौकशीचा प्रश्न आहे. या प्रत्येकासाठी वेगळा, नेमका नियम करता येतो, आणि काही बाबतीत तो आहेही. मग उरते काय? उरते ती एक बाई, जिने यांतले काहीही केलेले नाही आणि जिला तरीही नियम लागू होतो, कारण तिने आपल्या अनुभवाचे मोल घेतले.

‘जागा आमची, मर्जी आमची’ हे यावरचे ठेवणीतले उत्तर आहे. कायद्याच्या दृष्टीने ते बऱ्याच अंशी खरेही आहे. १९४६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मार्श विरुद्ध अलाबामा’ या खटल्यात असे ठरवले होते की, एखादे गावच्या गाव एका जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचे असले तरी त्याच्या पदपथावर धर्मपत्रके वाटणाऱ्या बाईला अनधिकृत प्रवेशाच्या गुन्ह्याखाली शिक्षा करता येणार नाही. मालक आपली जागा लोकांच्या वापरासाठी जितकी खुली करतो, तितके त्याचे हक्क लोकांच्या हक्कांनी मर्यादित होतात. पुढे १९७२ मध्ये, पोर्टलंडमधल्या एका मॉलच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने हा हात आखडता घेतला आणि खासगी बाजारपेठ लोकांना खुली आहे म्हणून ती सार्वजनिक होत नाही, असे सांगितले. तेव्हा स्वतंत्र गाइडाला संविधानाचा आधार नाही, हे कबूल करावे लागते. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. १९६७ मध्ये फ्लोरिडाच्या विधिमंडळाने रीडी क्रीक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट नावाचा एक विशेष जिल्हा डिस्ने वर्ल्डच्या प्रकल्पासाठी निर्माण केला; सुमारे २५,००० एकरांच्या त्या टापूत रस्ते, सांडपाणी, अग्निशमन आणि बांधकामाचे नियम त्या जिल्ह्याच्या हाती होते, आणि त्याच्या संचालक मंडळावर कोण बसणार हे व्यवहारात कंपनी ठरवत होती. २०२३ मध्ये राज्यपालांनी नेमलेले मंडळ येईपर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ हे चालले. ज्या मालकाने सरकारसारखे अधिकार इतकी वर्षे वापरले, त्याने प्रश्न अडचणीचा झाला की ‘हे तर आमचे घर आहे’ म्हणावे, हे ऐकायला थोडे विचित्र वाटते.

न्यायालयांच्या या साखळीत मला सर्वांत उद्बोधक वाटतो तो खटला मात्र जुगाराच्या अड्ड्याचा आहे. केन अस्टन हा ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगाराचा नावाजलेला खेळाडू होता. तो पत्ते मोजत असे, म्हणजे आतापर्यंत कोणती पाने निघून गेली हे लक्षात ठेवून पुढची बोली लावत असे. त्यात ना हातचलाखी होती, ना खुणेची पाने. होती ती फक्त स्मरणशक्ती आणि गणित. अटलांटिक सिटीमधल्या रिसॉर्ट्स इंटरनॅशनल या कॅसिनोने त्याला खेळायला बंदी केली. १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी अमान्य केली. खेळाचे नियम ठरवण्याचा अधिकार राज्याच्या नियामक मंडळाचा आहे, हे त्या निकालाचे एक कारण होते. दुसरे असे की, ज्याने आपली जागा सर्व लोकांसाठी उघडली आहे त्याने कोणाला बाहेर काढायचे तर त्याला वाजवी कारण असले पाहिजे. हा निकाल न्यू जर्सीपुरता आहे, इतर बहुतेक राज्ये मालकाच्या मर्जीचाच जुना दंडक पाळतात, आणि नेवाडातले कॅसिनो आजही पत्ते मोजणाऱ्यांना दार दाखवतात. तरी त्यातला विचार इथे थेट लागू पडतो. खेळ नीट समजलेल्या माणसाला ‘तू फार चांगला खेळतोस’ म्हणून उठवणे आणि पार्क नीट समजलेल्या बाईला ‘तू फार चांगली वाट दाखवतेस’ म्हणून बाहेर काढणे, यांत मला मोठा फरक दिसत नाही. अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंनी पुढे काय केले, तेही पाहण्यासारखे आहे: खेळात पत्त्यांचे जोड वाढवले आणि पाने अधिक वेळा पिसू लागले. मोजणाऱ्याला घालवता येईना, तेव्हा त्यांनी खेळ बदलला.

आता अंमलबजावणीकडे वळू, कारण मोघम नियमाचे खरे रूप तिथे उघडे पडते. १ मे २०१९ पासून डिस्ने पार्कमध्ये ३१ इंचांपेक्षा रुंद किंवा ५२ इंचांपेक्षा लांब बाबागाडी आणता येत नाही. हा नियम अनेक आई-बापांना आवडला नाही, पण त्याबद्दल वाद होत नाही. टेप लावली की विषय संपला. गाडी ३० इंचांची असेल तर ती आत जाते, मग ढकलणारा कोणीही असो. २०१५ मध्ये सेल्फी स्टिकवर आलेली बंदीही अशीच होती. काठी आहे की नाही, एवढेच पाहायचे. पण मंडळींच्या पुढे चालणारी ती बाई गाइड आहे की आत्या, हे कोणत्या टेपने मोजायचे? दारावरच्या कर्मचाऱ्याला ते दिसत नाही. मग शोध सुरू होतो तो इतर खुणांचा. एकाच पासवर रोज वेगळ्या कुटुंबाबरोबर कोण येते, समाजमाध्यमांवर जाहिरात कोणी केली आहे, अशा गोष्टी गोळा कराव्या लागतात. प्रत्येक प्रवेशाची नोंद पार्ककडे असते, त्यामुळे शोधू म्हटले तर सापडेलही. पण वारंवार येणे हा पुरावा धरला तर दर शनिवारी नव्या पाहुण्यांना हौसेने पार्क दाखवणारा ऑर्लँडोचा रहिवासीही त्याच चाळणीत अडकतो.

आणि ‘व्यावसायिक’ या शब्दाचा पोत तपासला तर तो कुठेही फाटतो. पगारी आया मुलांबरोबर आत येते. तिला पैसे मिळतात. म्हाताऱ्या आजोबांची परिचारिका येते. बधिर पाहुण्याने स्वखर्चाने आणलेला दुभाषा येतो. एखाद्या कंपनीच्या सहलीची व्यवस्था बघणारा अधिकारी पगारी वेळेतच तिथे असतो. दिवसभर कॅमेरा हातात धरून प्रत्येक राइडचे वर्णन करणारे आणि त्या चित्रफितींवरच्या जाहिरातींतून घर चालवणारे कितीतरी जण तिथे रोज दिसतात. त्यांच्यामुळे गिऱ्हाईक वाढते, म्हणून त्यांच्याकडे बहुधा प्रेमाने पाहिले जाते. पार्कने मान्यता दिलेल्या प्रवाससंस्था आहेत, त्या ग्राहकांना सल्ला देतात आणि विक्रीवर कमिशन घेतात. तोच सल्ला, तेवढ्याच तपशिलाने, घरी बसून फोनवर दिला तर तो अधिकृत. दाराच्या आत, शेजारी चालत दिला तर तो अनधिकृत व्यवहार. ही रेघ कुठे ओढली आहे हे पाहिले म्हणजे ती कशासाठी ओढली आहे हेही दिसते. पार्कचा विरोध मध्यस्थांना नाही. ज्याचा हिशेब पार्कच्या वहीत येत नाही आणि जो महागड्या अधिकृत टूरचा स्वस्त पर्याय ठरतो, त्या मध्यस्थाला आहे. व्यापाऱ्याने आपला माल जपावा, त्यात गैर काही नाही. मात्र त्याला पाहुण्यांच्या हिताचे नाव देऊ नये.

शहरांच्या गाइडांबाबत अमेरिकेत असाच एक समांतर वाद झडला. वॉशिंग्टन शहरात पैसे घेऊन पर्यटकांना माहिती सांगायची तर १०० प्रश्नांची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घ्यावा लागे. जून २०१४ मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने ती अट रद्द केली. वाईट गाइडांपासून पर्यटकांचे रक्षण व्हावे असे शहराचे म्हणणे होते. परंतु परीक्षेमुळे ते कसे साधते याचा पुरावा शहराला देता आला नाही, आणि पैसे घेतल्याने बोलणे हे बोलणेच राहते, असा त्या निकालाचा रोख होता. त्याच महिन्यात दुसऱ्या अपील न्यायालयाने न्यू ऑर्लिन्सची गाइडांची परवाना पद्धत वैध ठरवली, तर चार्ल्सटनची परीक्षा २०२० मध्ये अपिलातही टिकली नाही. हे सगळे निकाल सरकारी नियमांबद्दलचे आहेत, खासगी पार्कवर ते बंधनकारक नाहीत. पण नियम करणाऱ्याला विचारायचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे: ज्या अपायाची भीती तुम्ही सांगता, तो या नियमाने खरोखर टळतो का, की दुसऱ्या, साध्या उपायाने टळला असता?

तो साधा उपाय नवा शोधून काढण्याची गरज नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये, म्हणजे यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन अशा ठिकाणी, पैसे घेऊन लोकांना फिरवणारे स्वतंत्र गाइड पूर्वीपासून आहेत. १९९८ च्या कायद्याने त्यांच्यासाठी ‘कमर्शियल यूझ ऑथरायझेशन’ नावाची परवानगी ठरवून दिली. ठरावीक मुदतीची परवानगी, फी, विम्याचा पुरावा आणि त्या त्या उद्यानाच्या अटी, असे तिचे स्वरूप आहे. अटी मोडल्या तर परवानगी जाते. सरकारी जमीन आणि खासगी जमीन यांत फरक आहे, आणि अस्वलांच्या रानात वाट दाखवणे व कारंज्याशेजारी दाखवणे यांतही आहे, हे मला कळते. पण मुद्दा पद्धतीचा आहे. पार्कने अशी परवानगी सुरू केली तर गाइडाची ओळख आणि पार्श्वभूमी तपासली जाईल, विमा असेल, छातीवर छायाचित्राचे ओळखपत्र असेल, सवलतीच्या वार्षिक पासाऐवजी कामासाठी वेगळ्या दराचा पास घ्यावा लागेल, गर्दीच्या दिवशी किती गाइड आत सोडायचे याची मर्यादा घालता येईल. परवानाधारक गाइड मंडळींसाठी रांगेत जागा धरताना सापडला तर परवाना रद्द. ओळखपत्रावर ‘पार्कचा कर्मचारी नव्हे’ असे ठळक लिहिले, तर तोतयेगिरीलाही आळा बसेल. आज जे काम चोरून चालते त्यातला चांगला भाग उजेडात येईल. अंधारात राहतील ते ज्यांना अंधारच हवा आहे असे, आणि त्यांना शोधणे सोपे होईल. अधिकृत टूरचा दर यामुळे थोडा खाली येईल अशी भीती पार्कला वाटत असणार. ती खरी ठरू शकते. पण जलद मार्गाने थेट आत नेण्याची सोय तेव्हाही फक्त त्याच्याच गाइडकडे असेल, आणि ज्यांना तीच हवी आहे ते लोक तेव्हाही चौकड्यांच्या जाकिटाचेच पैसे मोजतील.

शिक्षेबद्दल दोन शब्द वेगळे लिहिणे भाग आहे. अशा प्रकरणात पार्कच्या हातात असलेली हत्यारे मोठी आहेत. पास रद्द करता येतो, कायमची प्रवेशबंदी घालता येते, आणि बंदीची ताकीद दिल्यावर पुन्हा पाऊल टाकले तर फ्लोरिडाच्या कायद्यानुसार तो अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा होतो. सहलीला आलेल्या पाहुण्याला अशी बंदी म्हणजे एक हुकलेली सुट्टी. पार्कच्या आसऱ्याने घर चालवणाऱ्या ऑर्लँडोच्या माणसाला ती म्हणजे पोट. इतकी जड शिक्षा करायची तर आरोप लेखी असावा, पुरावा दाखवावा, उत्तर द्यायला मुदत द्यावी आणि ज्या अधिकाऱ्याने आरोप ठेवला त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणी ते उत्तर वाचावे, ही अपेक्षा फार मोठी नाही. जेवढा नियम मोघम, तेवढी सुनावणीची गरज अधिक. बाबागाडीच्या रुंदीवर कोणी अपील मागत नाही.

यावर कोणी म्हणेल की कडक बंदी नसेल तर २०१३ चा प्रकार पुन्हा होईल. तसे व्हायचे कारण नाही. अपंगत्वाच्या सवलतीसाठी दिलेली माहिती खोटी निघाली तर त्या पाहुण्याला कायमची प्रवेशबंदी होईल, आणि त्याची तिकिटे व पास परतावा न देता जप्त होतील, असे पार्कने २०२४ च्या बदलांबरोबर स्पष्ट शब्दांत जाहीर केले आहे. हा नियम नेमका आहे, त्यात अपराध कोणता ते सांगितले आहे आणि तो सख्ख्या काकांनाही लागू होतो. त्या कामासाठी गाइडांवरच्या सरसकट बंदीची आता गरज राहिलेली नाही.

राहिला प्रश्न परवानगीच्या फीचा, आणि इथे मला पार्कवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांच्या कायद्यात फी वाजवी असावी असे लिहिलेले आहे आणि परवानगी देण्या-सांभाळण्याचा खर्च निदान त्यातून निघावा, असा त्या फीचा उद्देश सांगितला आहे. खासगी पार्कवर असे कोणतेही बंधन नाही; फी इतकी चढवून ठेवता येईल की परवाना कागदावर राहील आणि दारातून आत कोणीच येणार नाही. म्हणून अशी पद्धत आणायची तर फीचा आकडा, गाइडांची संख्या आणि नाकारलेल्या अर्जांची कारणे, हे तिन्ही पार्कने पहिल्याच दिवशी जाहीर करावे, बाबागाडीचे ३१ आणि ५२ इंच केले होते तितक्याच उघडपणे.